अडीच किलोच्या मागावर सहा दिवस

दिवस पहिला, सोमवार

सकाळी सातला नागपूर सोडलं. उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी, आरमोरी, गडचिरोली. दोन वर्षांत हा रस्ता इतका पाठ झालाय की कुठलं वळण आलं ते डोळे मिटूनही सांगता येतं. गाडीत आम्ही तिघं: मी, आमच्या अभ्यासाचं गावपातळीवरचं काम सांभाळणारे दादा, आणि गाडी चालवणारे भाऊ. मागच्या सीटवर फॉर्मचे गठ्ठे, दोन वजनकाटे आणि दादांनी आठवणीने घेतलेल्या एक-एक किलो मिठाच्या चार पुड्या.

जायचं कारण एक आकडा होता. २.५.

मी कम्युनिटी मेडिसिनची, म्हणजे सार्वजनिक आरोग्याची, डॉक्टर. धानोऱ्याच्या पलीकडच्या काही गावांत आमचा अभ्यास चालू आहे. कमी वजनाच्या बाळांकडे आशाताई ठरल्यापेक्षा जास्त वेळा जातात का, आणि गेल्या तर बाळाला काय फरक पडतो, एवढाच प्रश्न. आशाताई मोबाइलवर माहिती भरतात, ती आमच्यापर्यंत येते. ऑक्टोबरमध्ये बसून सगळ्या वजनांचा आलेख काढला. नवजात बाळांच्या वजनाचा आलेख टेकडीसारखा यायला हवा, दोन्ही बाजूंनी हळूहळू उतरणारा. आमच्या टेकडीच्या अंगात मात्र एक खांब रोवलेला निघाला, नेमका अडीच किलोवर. त्याच्या डावीकडे, २.२ ते २.४ च्या जागी, खड्डा.

अडीच हा साधा आकडा नाही. २५०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचं बाळ ते कमी वजनाचं, ही जागतिक आरोग्य संघटनेची रेघ. म्हणजे खड्ड्यातली बाळं उचलून कुणीतरी खांबावर नेऊन बसवली होती, आणि ज्यांच्यासाठी अभ्यास मांडला तीच बाळं आमच्या कागदावर धडधाकट ठरली होती.

माणसं आकडे गोल करतात, हे जुनंच आहे. जनगणनेत वय विचारलं की चाळीस, पंचेचाळीस, पन्नास यांचेच ढीग लागतात. त्यावरचा ठरलेला उपाय म्हणजे पुन्हा प्रशिक्षण. एक दिवस सगळ्या आशाताईंना बोलवा, वजन कसं घ्यायचं ते परत शिकवा, चहा-नाश्ता द्या, सह्या घ्या. माझंही मत तेच होतं. दादा म्हणाले, “मॅडम, शिकवायच्या आधी एकदा वजन होताना बघून घेऊ.” म्हणून हा प्रवास.

ब्रह्मपुरी सोडल्यावर वैनगंगा लागते. नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा, पाणी अजून बऱ्यापैकी होतं. पलीकडे आरमोरीपासून दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, काही कापून झालेल्या, काहींत बाया ओळीने वाकलेल्या. हा जिल्हा १९८२ साली चंद्रपुरातून वेगळा निघाला. त्यानंतर चारच वर्षांनी, १९८६ मध्ये, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग इथे आले, आणि गावातल्या घरात बसून केलेलं संशोधन जगाला मान्य करावं लागतं हे इथूनच दिसलं. आमच्यासारख्यांचं काम त्या वाटेवरचंच आहे. त्यामुळे इथे येताना मला दर वेळी थोडं दडपण येतं.

दुपार परवानग्यांच्या कागदांत गेली. मुक्काम गडचिरोलीतच.

दिवस दुसरा, मंगळवार

धानोरा रस्त्याने पहाटेच निघालो. थंडी चांगली होती. धानोरा ओलांडून पुढे आत वळलो. गावांची नावं इथे देणार नाही. अभ्यासात सामील झालेल्या घरांना तसा शब्द दिलेला आहे.

पहिल्या गावात रविवारी पहाटे एक बाळ घरीच जन्मलं होतं. कळा अचानक वाढल्या, गाडी येईपर्यंत बाळ बाहेर. बाळंतपण घरी झालं की आशाताईने १, ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी, अशा सात भेटी द्यायच्या. दवाखान्यात झालं तर पहिल्या दिवसाची भेट वगळून सहा. आज तिसरा दिवस.

आशाताई आमची वाट बघत उभी होती. वय चाळिशीच्या आतबाहेर, शिक्षण दहावीपर्यंत, गोंडी आणि मराठी दोन्ही सारख्याच सहजतेने बोलणारी. स्वतःचं धान कापायचं बाकी होतं. सकाळी आठपर्यंत बांधीत राबून, हातपाय धुऊन आली होती. रस्त्यातच तिने सांगितलं, “आत मी आधी जाते जी. आजी म्हणेल तेव्हाच तुम्ही या. नाळ पडली नाही अजून.” नाळ पडेपर्यंत बाहेरच्या माणसाने बाळंतिणीजवळ यायचं नाही, असा त्या घरचा नेम. दादा आणि भाऊ अंगणातच थांबले. मी पडवीत बसून राहिले, बराच वेळ. आत आजी आणि आशाताईचं गोंडीत बोलणं चाललं होतं. मग आजीने दारातूनच मला हात धुवायला पाणी दिलं. ती परवानगी होती.

आत अंधार आणि धूर. कोपऱ्यात निखारे, त्यापासून हातभर अंतरावर आई, आणि तिच्या कुशीत जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं बाळ. आशाताईने पिशवी उघडली. थर्मामीटर, घड्याळ, चमचा, घोंगडं, काटा, सगळं नीट कापडात बांधलेलं. आधी साबणाने हात धुतले आणि हवेत धरून वाळवले, पदराला पुसले नाहीत. मी मनात नोंद केली. शिकवलेलं विसरणारी बाई अशी हात वाळवत बसत नाही.

मग श्वास मोजले. बाळाची छाती-पोट उघडं केलं, घड्याळ कानाजवळ धरलं, आणि तिची नजर पोटावर खिळली. निम्म्यात बाळ रडलं. तिने मोजणं सोडलं, बाळ शांत होईपर्यंत थांबली, पुन्हा पहिल्यापासून मोजलं. पूर्ण मिनिटभर. ओठ हलत होते, आवाज नव्हता. “बावन्न.” दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त झाले, तर ते जोरात मानायचे आणि पुन्हा मोजून खात्री करायची. बावन्न म्हणजे ठीक. पन्नास नाही म्हणाली, बावन्न म्हणाली. आकडे गोल करायची सवय असलेल्या तोंडून बावन्न येत नाही. इथेच माझा प्रशिक्षणाचा मुद्दा निम्मा निकालात निघाला.

नंतर वजन. स्प्रिंगचा काटा, खाली कापडाची झोळी. आजी उठून अगदी जवळ आली. आशाताईने बाळाला झोळीत ठेवलं, काटा डोळ्यांच्या रेषेत उचलला. सुई थरथरत होती. बाळाने पाय मारला, सुई पुढे गेली, मागे आली, आणि २.३ च्या आसपास स्थिरावली. मला ती स्पष्ट दिसली. आजीने विचारलं, “किती?”

“अडीच,” आशाताई म्हणाली, आणि वहीत २.५ लिहिलं.

आजीचा चेहरा सैल झाला. आई पहिल्यांदाच हसली.

मी काही बोलले नाही. निरीक्षण करणाऱ्याने मध्ये पडायचं नाही, हा नियम मीच विद्यार्थ्यांना शिकवते. पण झोळी रिकामी झाली तेव्हा मी सुईकडे पाहिलं. ती शून्यावर नव्हती, २०० ग्रॅमवर होती. झोळीचं वजन वजा झालेलंच नव्हतं. म्हणजे बाळ २.३ सुद्धा नाही, २.१ चं. आता मात्र गप्प बसणं बरोबर नव्हतं. नियम अभ्यासाला असतो, बाळाला नसतो. मी आशाताईला बाहेर बोलावलं, रिकाम्या झोळीचा काटा दाखवला, वरचा स्क्रू फिरवून सुई शून्यावर कशी आणायची ते दोघींनी मिळून केलं. ती परत आत गेली, आजीला काय सांगितलं मला कळलं नाही, पण बाळाचं वजन पुन्हा झालं. २.१.

या वजनाचं बाळ नीट दूध ओढत असेल, ऊबदार असेल आणि मलूल नसेल, तर घरीच सांभाळता येतं, लक्ष मात्र जास्त द्यावं लागतं. आशाताईला हे सगळं माहीत होतं. बाळाला आईच्या उघड्या छातीशी कातडीला कातडी लावून ठेवायचं, दर दोन तासांनी पाजायचं, आंघोळ इतक्यात नाही, डोकं झाकलेलं हवं, निखाऱ्यांचा धूर नको. ती एकेक गोष्ट सांगत गेली आणि प्रत्येक गोष्ट आईकडून परत वदवून घेतली. मी शिकवण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

येताना बांधावर मी तिला विचारलं, “ताई, सुई तेवीसवर होती ना?”

ती थांबली. “आजी ऐकत होती जी. कमी म्हटलं की सुनेवर येते. काही खाल्लं नाही, काम नीट केलं नाही, सगळं तिच्यावरच.” थोडं चालून मग म्हणाली, “आणिक फोनचंही आहे.” फोनचं काय, ते तिने सांगितलं नाही. मीही खणून विचारलं नाही. चूक माझीच झाली, तिथेच विचारायला हवं होतं.

दिवस तिसरा, बुधवार

आजचा दिवस मिठाचा. दादांची पद्धत साधी. एक किलोच्या दोन पुड्या झोळीत टाकायच्या, सुई दोनवर आली पाहिजे. मग तिसरी टाकायची, तीनवर आली पाहिजे. दुकानात सहज मिळणारं, वजन माहीत असलेलं, कुणालाही न घाबरवणारं माप म्हणजे मीठ. गावोगाव फिरलो, प्रत्येक आशाताईचा काटा उंबऱ्यावर टांगून पाहिला. बरेच बरोबर निघाले, काही पुढे, एक मागे. एका काट्याचा स्क्रू गंजून बसला होता, तो बदलून दिला.

पण पुढे-मागे जाणाऱ्या काट्याने टेकडी सरकते, खांब उभा राहत नाही. काटा दोनशे ग्रॅम जास्त दाखवत असेल तर सगळीच बाळं दोनशे ग्रॅमने जड होतील. फक्त खड्ड्यातली बाळं वेचून अडीचवर नेऊन बसवायची, हे काट्याचं काम नव्हे. ते माणूस करतो, आणि माणसाकडे त्याचं कारण असतं.

संध्याकाळी भाऊंनी गाडी एका बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, काठी थांबवली, कारण फोनला रेंज तिथेच मिळते. काठावर एक आशाताई आधीच उभी होती, हात उंच करून फोन धरलेला. आम्हाला बघून तिने तो पटकन खाली घेतला.

दिवस चौथा, गुरुवार

आज कामाला सुट्टी दिली आणि वाटेतल्या चातगावजवळ शोधग्रामला, म्हणजे बंग दांपत्याच्या संस्थेच्या आवारात, गेलो. यायचं कधीपासून मनात होतं.

शोधग्रामच्या दवाखान्याला माँ दंतेश्वरीचं नाव आहे. इथल्या लोकांची देवी, आणि नावही त्यांच्याच मनातलं. रुग्णांच्या झोपड्याही गावातल्या घरांसारख्या, नातेवाईक जवळ राहतील अशा. दवाखान्याची भीती वाटू नये म्हणून दवाखान्यानेच आपलं रूप बदलायचं, हे आजही फार थोड्यांना सुचतं.

या जागेचं मला सगळ्यात जास्त काय वाटतं, तर इथे प्रश्न लोकांकडून घेतले गेले. सुरुवातीला इथे सिकलसेलचा अभ्यास झाला. आजार खराच होता, पण तो गावाने मागितलेला प्रश्न नव्हता. नंतर बायांचं दुखणं ऐकून घेतलं गेलं. वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० बायांची तपासणी झाली, त्यांतल्या ९२ टक्क्यांना कुठला ना कुठला स्त्रीरोग निघाला, आणि याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं. दवाखान्यात बसून हा आकडा कुणालाच मिळाला नसता. दवाखान्यात येतो तो अंश. छेद गावात असतो, आणि त्यासाठी घरात जावं लागतं. कम्युनिटी मेडिसिनच्या वर्गात अंश-छेद शिकवताना मी हेच उदाहरण देते.

मग नवजात बाळांचं काम. त्या काळी इथे जन्मणाऱ्या हजार बाळांमागे साठाहून अधिक बाळं पहिल्या महिन्यातच जात. ३९ गावांत गावातल्याच, पाचवी ते दहावी शिकलेल्या बायांना प्रशिक्षण दिलं. बाळाला ऊब, दूध, श्वास कोंडला तर काय करायचं, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शनसुद्धा. तुलनेला ४७ गावं. तिसऱ्या वर्षापर्यंत हे प्रमाण हजारी ६२ वरून २५ च्या आसपास आलं. डिसेंबर १९९९ मध्ये लॅन्सेटने ते छापलं. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी मिळून नवजात बाळासाठी घरभेटींची शिफारस केली, आणि २०११ पासून आपल्या सरकारने आशाताईंकडे हेच काम दिलं. मंगळवारी त्या धुरकट खोलीत जे पाहिलं, ते सगळं इथून निघून तिथे पोचलेलं होतं. एका बाळाच्या सगळ्या भेटी पूर्ण केल्या की आशाताईला त्यासाठी ठरवलेले २५० रुपये, हेही या कामाच्या सरकारी मार्गदर्शिकेतलं.

पण मी ज्याच्यापाशी थबकले ती वस्तू हातात मावेल एवढी होती. श्वास मोजायचं साधन. एका बाजूला एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ, शेजारी मण्यांच्या दोन ओळी, एक लहानग्या बाळासाठी, एक त्याहून मोठ्या मुलासाठी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत तांबडा मणी सरकला, तर श्वास जास्त, न्यूमोनियाचा संशय. विद्यार्थिदशेत मी याचं चित्र पाहिलं होतं आणि ‘निरक्षरांसाठीचं सोपं साधन’ असं लिहून मार्कही घेतले होते. तिथल्या एका जुन्या कार्यकर्तीने ते माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाली, “मोजून बघा.” मी भाऊंचे श्वास मोजले. मणी सरकवताना कळलं की डोळे रुग्णाच्या छातीवरून हलवावे लागत नाहीत. बोटांना कळतं. दहापर्यंत मोजता येणाऱ्या सुईणीला साठपर्यंत मोजायला शिकवत बसण्याऐवजी साठचे सहा दहा केले. तिला काय येत नाही याचा पाढा वाचला नाही, तिला जे येतं त्यावर साधन उभं केलं.

दुपारभर ते मणी डोक्यातून गेले नाहीत. परतताना बोडीवरचा तो पटकन खाली घेतलेला फोन आठवला.

दिवस पाचवा, शुक्रवार

उपकेंद्राच्या मागच्या मोहाखाली चार आशाताई जमल्या. उपकेंद्र म्हणजे डोंगरी-आदिवासी भागात साधारण ३००० लोकांमागे एक, सपाटीवर ५००० मागे. हिशेबाला हे ठीक वाटतं. पण इथे तीन हजार लोक किती वाड्या-टोल्यांत विखुरलेत, ते चालणाऱ्यालाच माहीत.

पहिला तासभर कुणी बोललं नाही. सगळं चांगलं चाललंय जी, काही अडचण नाही जी. मी वही बंद केली. मंगळवारच्या आशाताईला म्हटलं, “त्या बाळाचं वजन अजून फोनमध्ये भरायचंय ना? माझ्याकडे द्या, मी भरते. तुम्ही फक्त बघा.”

तिचा फोन. कोपऱ्यातून काच तडकलेली, त्यावर आमचं ॲप. आईचा क्रमांक टाकला, दिवस तिसरा, तापमान, श्वास ५२, वजन २.१. पुढे गेले. पडदा क्षणभर पांढरा झाला आणि नवीन पान उघडलं. गरोदरपणाचे आठवडे किती. शेवटचं हिमोग्लोबिन, तारखेसह. लोहाच्या गोळ्या किती घेतल्या. घरी बाळंतपण का झालं. संदर्भचिठ्ठीचा क्रमांक. गाडी मागवली होती का. नऊ प्रश्न, नऊही सक्तीचे. चौथ्या प्रश्नाचं उत्तर वहीत नव्हतं, म्हणून मी मागे गेले, तर आधीचं सगळं पुसलं गेलं. पुन्हा भरलं. हिमोग्लोबिनचा आकडा नर्सबाईंच्या रजिस्टरमध्ये, ते उपकेंद्रात, उपकेंद्राला कुलूप, कारण नर्सबाई दुसऱ्या टोल्यावर लसीकरणाला. मग रेंज गेली. एका बाळाला वीस मिनिटं गेली आणि फॉर्म तरी पाठवला गेलाच नाही.

कुणी काही बोललं नाही. मग त्यांच्यातली सगळ्यात तरुण ताई हळूच म्हणाली, “अडीच टाकलं तर थेट पुढं जाते मॅडम.”

तो फॉर्म मी केला होता. दोन वर्षांपूर्वी, कॉलेजातल्या माझ्या खोलीत, पंख्याखाली बसून. लहान बाळांविषयी जास्तीत जास्त कळावं म्हणून हौसेने एकेक प्रश्न वाढवत नेले. सहकाऱ्यांनी अजून दोन सुचवले, तेही घातले. करून पाहिला तो माझ्याच नव्या फोनवर, वायफायवर. आशाताईला या फॉर्मचे वेगळे पैसेही नव्हते. आणि ज्या बाळांविषयी जास्त कळायला हवं होतं, तीच बाळं या नऊ प्रश्नांमुळे दिसेनाशी झाली. बाळाला वेळ द्यायचा की फोनला, हे त्यांच्यापुढे आम्ही टाकलेलं होतं. त्यांनी बाळाला दिला. मंगळवारी मी ते स्वतः पाहिलं होतं.

मी त्यांची माफी मागितली. त्यांना ते अवघडल्यासारखं झालं. एकीने विषय बदलला, दुसरीने डब्यातले मुरमुरे पुढे केले. मग हळूहळू बोलू लागल्या. कमी वजन लिहिलं की बैठकीत सगळ्यांसमोर विचारणा होते, तुझ्याच गावात कसं? घरात कमी म्हटलं की सुनेवर येतं. आणि तरीही, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं, चारही जणींनी आपापल्या जुन्या वह्या काढून पानाच्या कडेला पेन्सिलीने केलेल्या खुणा दाखवल्या. जे बाळ खरंच लहान, त्याच्यासमोर एक टिंब. त्या घरी त्या जास्तीच्या फेऱ्या मारत होत्या. आमच्या अभ्यासाचं उत्तर त्या टिंबांत होतं. आमच्या संगणकात नव्हतं.

जामखेडला १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी काम सुरू केलं, तेव्हा शिकलेल्या नर्सबाई गावात राहायला तयार नव्हत्या, म्हणून गावातल्याच बायांना आरोग्य कार्यकर्त्या केलं. त्यांतल्या कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. पण गावात कुणाला काय होतंय ते त्यांना तोंडपाठ असे. १९७८ च्या अल्मा-आटा इथल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवेत लोकांच्या सहभागाचं जे सांगितलं, ते अशा ठिकाणी आधीच चालू होतं. मी हे शिकवत आले. पेन्सिलीची टिंबं बघेपर्यंत ते मला पुरतं कळलं नव्हतं.

दिवस सहावा, शनिवार

सातव्या दिवसाची भेट.

या वेळी पडवीत थांबावं लागलं नाही. नाळ आदल्या दिवशीच पडली होती. आजीनेच हात धरून आत नेलं. निखारे खोलीबाहेर गेले होते, धूर नव्हता. आई भिंतीला टेकून बसलेली, बाळ तिच्या छातीशी बांधलेलं, वरून घोंगडं, बाळाच्या डोक्याला कुणाच्या तरी स्वेटरची बाही कापून केलेली टोपी.

आशाताईने हात धुतले, वाळवले. श्वास अठ्ठेचाळीस. नाळेची जागा कोरडी. मग काटा बाहेर काढला, आधी रिकामी झोळी टांगली, सुई शून्यावर आहे हे पाहिलं आणि आजीलाही दाखवलं. “हे रिकामं. इथून मोजायचं.” आजीने मान हलवली. बाळ झोळीत गेलं. सुई स्थिरावेपर्यंत खोलीत कुणी हललं नाही.

“दोन किलो एकशे पन्नास,” आशाताई म्हणाली. आणि आजीकडे वळून मराठीतच, म्हणजे मलाही कळावं म्हणून असेल, म्हणाली, “मंगळवारी इथं होतं. आता एक रेघ वर. सुनेनं वाढवलं हे, चार दिवसांत.”

आजीने काट्यावरची ती रेघ बोटाने चाचपून पाहिली. मग सुनेच्या पाठीवरून हात फिरवला आणि चुलीकडे गेली.

वहीत २.१५ लिहिलं गेलं. मागच्या पानावरचा २.५ आशाताईने खोडला नाही. त्याच्यावर एक आडवी रेघ मारली, शेजारी २.१ लिहून सही केली, म्हणजे जुनं काय होतं तेही दिसावं. हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं.

दुपारी दोनला निघालो. उरलेल्या मिठाच्या दोन पुड्या आशाताईकडेच ठेवल्या. महिन्यातून एकदा काटा तपासायचं तिनेच ठरवलं. वैनगंगा ओलांडली तेव्हा ऊन उतरलं होतं. दादा पुढे झोपले होते. मी मांडीवर लॅपटॉप घेऊन फॉर्ममधल्या त्या नऊ प्रश्नांतले आठ काढले. एक ठेवला: बाळ नीट ओढतंय का. रेंज नसतानाही भरलेलं फोनमध्ये साठून राहील अशी सोय करायला अजून आठवडा लागेल, तोवर वही आणि पेन्सिल. पुढच्या वेळी फॉर्म आधी मोहाखाली भरून पाहायचा, हेही लिहून ठेवलं.

मग सहकाऱ्यांना पत्र लिहिलं. दोन वर्षांच्या नोंदींवरून या गावांतल्या कमी वजनाच्या बाळांचं प्रमाण सांगता येणार नाही. आमच्या शोधलेखातला तिसरा तक्ता काढावा लागेल, आणि तो का काढला ते त्याच लेखात स्पष्ट लिहावं लागेल. आशाताईंनी परवानगी दिली आहे. त्यांच्या वह्यांतली टिंबं मोजायला मी जानेवारीत पुन्हा जाते आहे.

भिवापूर आल्यावर रेंज आली, पत्र गेलं.